मागच्या चाकांमधला बारीक आवाज

मित्रांनो, रस्त्यावर एखादी जीप उभी दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, दिवे बघता, आजूबाजूला कुणी नसेल तर तिच्या आरशात स्वतःचं तोंडही बघून घेता. आज एक करा. तिच्या मागे जा आणि खाली वाका. दोन चाकांच्या मधोमध, चिखलानं माखलेला, लहानशा भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा तुम्हाला दिसेल. एका जुन्या जीपखालचा तसलाच गोळा आज तुमच्याशी बोलतो आहे. मला डिफरन्शियल म्हणतात. नाव जड आहे, पण माझं काम त्याहून जड आहे.

इंजिन असतं पुढे. त्याची ताकद एका लांब दांड्यातून गोल फिरत माझ्यापर्यंत येते. ती काटकोनात वळवून डाव्या आणि उजव्या चाकाला वाटून देणं, हे माझं काम. त्यात गाडी वळणावर आली की बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. तेव्हा एकाला ओढायचं नाही, दुसऱ्याला अडवायचं नाही, दोघांचीही मर्जी राखायची. हट्टी भावंडांच्या मध्ये बसलेल्या आईसारखं हे काम आहे. आणि आईसारखंच, ते नीट चाललं असेल तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालभडक वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं आणि माझं कवच तयार झालं. मग माझ्या पोटात दोन दातेरी चक्रं बसवली. लहान ते पिनियन आणि मोठं ते क्राउन. ही दोघं एकमेकांवर घासून जोडीनंच तयार होतात आणि पुढे बिघडली तर जोडीनंच बदलावी लागतात. त्यांच्या दातांवर आणि त्यांचे दांडे ज्यांत फिरतात त्या बेअरिंगवर सतत ऑइलचा थर लागतो. आमच्या ऑइलला असा वास येतो की तुम्ही नाक धरून पळाल, पण माझा सगळा जीव त्याच्यातच आहे. माझ्या अंगावर दोन मोठे नट आहेत. वरच्यातून ऑइल भरायचं, खालच्यातून सोडायचं. खालच्या नटाला लोहचुंबक लावलेलं असतं, झिजलेल्या लोखंडाचा कीस त्याला चिकटून राहतो. शिवाय माझ्या डोक्यावर एक बारीक नळी आहे. मी तापलो की तिच्यातून आतली हवा बाहेर जाते, गार झालो की बाहेरची आत येते. थोडक्यात, ते माझं नाक आहे.

आमची जीप डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गॅरेजची होती. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतीवर मापानं टांगलेले पाने, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि मागच्या दारातून सरळ स्वयंपाकघर. मी जमिनीपासून वीतभर उंचीवर राहणारा, त्यामुळे मला माणसं पायांवरून कळतात. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचाच काय तो चेहरा दिसतो. सगळ्यात जास्त वेळा मी पाहिला तो गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकाचा. पांढऱ्या मिश्या, कपाळावर ग्रीसचं बोट ओढलेलं, आणि डोळे बहुतेक वेळा मिटलेले, कारण ते बघून नाही तर ऐकून दुरुस्ती करायचे. सगळा परिसर त्यांना कानसेन म्हणायचा.

त्यांची ख्याती फुकटची नव्हती. मागून आवाज येतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते स्वतः मागच्या सीटवर बसायचे आणि चालवणाऱ्याला म्हणायचे, "गॅस दे. आता सोड. पुन्हा दे." गॅस दिल्यावर आवाज वाढला की एक दोष, सोडल्यावर वाढला की दुसरा. फक्त वळताना कुरकुर झाली तर माझ्या पोटातली, वळणापुरतीच फिरणारी आणखी लहान चक्रं. गाडी जागेवरून हलताना 'टक्क' झालं तर दांड्याचा सांधा. गुळगुळीत रस्त्यावर आवाज बदलला तर तो टायरचा, माझा नव्हे, कारण मी रस्ता बघून सूर बदलत नाही. एकदा एक गृहस्थ कुणाच्या तरी सल्ल्यावरून नवाकोरा डिफरन्शियल घ्यायला निघाले होते. कानसेनांनी त्यांच्या गाडीतून एक फेरी मारली, खाली उतरले, आणि टायरच्या खाचेत रुतलेला दगड स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या, हा बदला," म्हणाले. गॅरेजभर हशा पिकला होता.

अशा माणसाच्या हाताखाली मी होतो, म्हणून माझी कॉलर ताठ होती. पण त्यांचा एक हेका होता. ठरावीक काळानं नट उघडून ऑइल बघायचं, ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. "धडधाकट माणसाचं पोट कुणी उगाच फाडून बघतं का?" असं ते विचारायचे. आवाज आला तरच नट उघडायचा. आणि आवाज आला की नाही हे त्यांचे कान ठरवणार. त्यांच्या गॅरेजात त्यांच्या कानाला विचारल्याशिवाय कुणी कुठल्या नटाला पाना लावायचा नाही, हा शिरस्ता होता. कान तसे असतील तेव्हा हा शिरस्ता चालतोही.

जीप चालवायची त्यांची सून. तिचे पाय मी पहिल्यांदा पाहिले ते नव्या चपलांतले, आणि थोड्याच दिवसांत त्या चपलांच्या जागी जाड तळव्यांचे बूट आले. तिचा नवरा, म्हणजे कानसेनांचा मुलगा, वरच्या वस्तीतल्या दवाखान्यात औषधं द्यायच्या कामावर होता, तिथेच राहायचा. दवाखान्याला लागणारी प्राणवायूची नळकांडी खालून पोचवायचं काम जीपकडे आणि पर्यायानं सूनबाईंकडे आलं. ती गाडी हाणत नसे, चालवत असे. दगड आला की आधी माझा विचार करायची, मग स्वतःच्या कंबरेचा. मला ती फार आवडायची.

मग दरड कोसळली आणि पूल वाहून गेला. तेव्हापासून जीप नदीच्या पात्रातून जाऊ लागली. आधी लांबलचक उतार, त्यात मी तापून लाल. आणि उतार संपतो तिथेच थंडगार पाणी. तापलेला मी पाण्यात बुडालो की आतली हवा एकदम आकसायची आणि मला श्वास घ्यावासा वाटायचा. पण मित्रांनो, माझं नाक बंद होतं. कानसेन दरवर्षी माझ्यावर प्रेमानं गंज न लागणारा काळा रंग लावायचे, स्वतःच्या हातानं, ब्रशनं. त्या रंगाचे थर त्या बारीक नळीवरही बसले आणि ती बुजली. वरून श्वास मिळेना, तेव्हा मी तो जिथून मिळेल तिथून ओढला. पुढच्या बाजूला, दांडा जिथे माझ्यात शिरतो, तिथे रबराचं एक सील असतं. त्याच्या कडेनं नदी माझ्या पोटात आली.

पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. ते दातांवर टिकत नाही. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडले, आणि एके दिवशी चढावर माझ्या तोंडून एक बारीक, लांब सूर निघाला. ईंऽऽऽ. मला हायसं वाटलं. आजारी माणसाच्या तोंडून हाक निघाली, आता वैद्य येईल, असं मला वाटलं.

सूनबाईंना तो सूर त्याच दिवशी ऐकू आला. घरी येताच तिनं सांगितलं, "बाबा, मागून एक बारीक आवाज येतोय. शिटीसारखा."

कानसेन लगेच मागच्या सीटवर बसले. तिनं गाडी काढली. मी जीव तोडून ओरडलो. गॅसवर ओरडलो, गॅस सोडल्यावर ओरडलो. आता ते म्हणतील, आता म्हणतील, म्हणून वाट बघत राहिलो.

"टायरचा घरघराट आहे," ते म्हणाले. "मागचं ठणठणीत आहे."

"टायरचा नाही बाबा. बारीक आहे तो. एकदम वरच्या पट्टीतला."

"अगं, हे आवाज ऐकण्यात माझी हयात गेली. मला नाही येणार ऐकू?"

तिनं गाडी गॅरेजकडे वळवली. मी मात्र हादरलो. हा माणूस खोटं बोलत नव्हता, टाळतही नव्हता. त्यांना टायर ऐकू येत होता, इंजिन ऐकू येत होतं, पत्र्याची खडखड ऐकू येत होती. फक्त मीच ऐकू येत नव्हतो. म्हातारपणी कान एकदम जात नाहीत, मित्रांनो. वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, आणि ते गेल्याचं त्या माणसाला कळत नाही, कारण न येणारा आवाज ऐकू येत नाही हे कळणार तरी कसं?

दोन खेपा झाल्या. सूर वाढत होता. एका दुपारी कानसेन आडवे झालेले असताना सूनबाई एकटी खड्ड्यात उतरली. हातात पाना होता. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. तिनं पाना माझ्या वरच्या नटाला लावला. 'फिरव,' मी मनात म्हणत होतो, 'अर्धा आटा फिरव, सगळं बाहेर येईल.' तेवढ्यात वर चपलांचा आवाज झाला.

"काय करतेस गं खाली?"

 पाना माझ्यावरून निघाला.

"काही नाही बाबा. चिखल काढत होते."

मला तिचा राग आला नाही. सुनेनं सासऱ्याच्या गॅरेजात, सासऱ्याच्या कानाला न विचारता नट उघडायचा, म्हणजे आजवरच्या त्यांच्या सगळ्या नावावर पाणी फिरवायचं. तिला तेवढं धाडस झालं नाही. पण त्या दिवसापासून ती गाडी जीव मुठीत धरून चालवू लागली. हे मला तिच्या क्लचवरून कळायचं.

मग तिनं एक युक्ती केली. पुढच्या खेपेला मोबाइल मागच्या पत्र्याला बांधून माझा आवाज टिपला. जीप स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. तिनं मोबाइल कानसेनांच्या हातात दिला. माझा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकला आणि माझंच धाबं दणाणलं. इतका वाईट असेन असं वाटलं नव्हतं.

कानसेनांनी मोबाइल कानाला लावला, लांब धरला, पुन्हा लावला. "यात तर नुसता वारा आहे," ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई, काय किंचाळतंय ते? बंद करा, कानाला दडे बसले!"

त्या माउलीला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. मोबाइल अजून किंचाळतच होता आणि तो नवऱ्याच्या कानाशी होता. त्यांची पावलं मात्र जराही दचकली नाहीत. ती थांबली. सूनही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असावं, कारण बराच वेळ कुणाचेच पाय हलले नाहीत.

"कशाला ओरडतेस?" कानसेन म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "गजर झाला तरी हे उठत नाहीत, तेव्हाच मला..." तिनं वाक्य तसंच सोडलं. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "अहो, उद्या हिच्याबरोबर तुम्हीही जा वर. गाडी ठणठणीत आहे म्हणता ना? मग बसा तिच्यात."

"जातो की," कानसेन म्हणाले. "मला काय भीती आहे?"

भीती मला होती. दवाखान्यात सर्दीतापाची साथ होती, नळकांडी संपत आली होती आणि उद्याची खेप टळणार नव्हती. जीप ठासून भरलेली असणार. नदीच्या पुढे चढ, आणि चढाच्या पुढे ती अरुंद वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे ना वळायला जागा ना थांबायला. माझं बेअरिंग त्या वळणांत फुटलं असतं, तर मी जागच्या जागी अडकलो असतो, मागची दोन्ही चाकं जाम झाली असती, आणि सुट्या खडीवर भरलेली जीप घसरत गेली असती. ज्या दोन माणसांनी मला जपलं, त्यांना माझ्याच हातून दरीत लोटायची वेळ येणार होती. ओरडण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं, आणि ओरडून तर झालं होतं.

सकाळी निघालो. सूनबाई चालवत होती, कानसेन मागे नळकांड्यांना टेकून बसले होते.  नदीत उतरलो तेव्हा मी श्वास रोखायचा प्रयत्न केला, पण लोखंडाला ते कुठून जमणार? अजून थोडी नदी आत आली.

चढ लागला. चढावर माझं पुढचं टोक वर होतं आणि उरलंसुरलं ऑइल मागे वाहून जातं. पुढचं बेअरिंग कोरडं पडलं. माझा सूर आता शिटीचा राहिला नव्हता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा झाला होता. सूनबाईंनी गिअर उतरवला. शेवटच्या मोकळ्या जागेशी, पाण्याच्या टाकीजवळ, तिनं ब्रेक मारला. त्याच्यापुढे वळणं सुरू होत होती.

"का थांबलीस?"

तिनं इंजिन बंद केलं. "बाबा, मी पुढे नेणार नाही."

"अगं, वर माणसं खोळंबलीत! पोरगा वाट बघतोय."

"म्हणूनच नेणार नाही. गाडी ओरडतेय. मी ऐकतेय, आईंनी ऐकलं, ती टाकीवर पाणी भरणारी बाईसुद्धा आपल्याकडे वळून बघतेय. बाबा..." सीट करकरली, ती मागे वळली. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

असं वाक्य उच्चारायला किती बळ लागतं, ते मला विचारा. मी डोंगर चढून आलो होतो, पण त्या वाक्यापेक्षा डोंगर हलका होता.

"मला?" कानसेन म्हणाले. "मला ऐकू येत नाही? तू कुणाला बोलतेस कळतंय का?"

"कळतंय."

 मग मागच्या पत्र्यावर काहीतरी हललं. त्यांनी पायाखालची रबरी चटई दूर सारली होती. "गाडी इथल्या इथे पुढे-मागे घे. हळू," ते तुटकपणे म्हणाले. तिनं गाडी त्या सपाट जागेवर हलवली. त्यांनी माझ्या बरोबर वरच्या उघड्या पत्र्यावर तळहात टेकवला.

आणि मित्रांनो, तेव्हा मी त्यांच्याशी बोललो. कानातून नाही, हातातून. बेअरिंगचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक कंप त्यांच्या तळहातात शिरला. तो हात माझी भाषा विसरला नव्हता. हात म्हणत होता की खाली वणवा पेटलाय, आणि कान म्हणत होते की सगळं शांत आहे. दोघांपैकी एक खोटा होता, आणि कोण, हे त्यांना कळलं.

"थांब," ते म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

ते खाली उतरले, चाकांना दगड लावले आणि माझ्याखाली सरपटत आले. सूनबाईही पलीकडून आली. त्यांनी पाना मागितला. कितीही घाई असो, आधी वरचा नट उघडायचा, कारण खालून सगळं सोडलं आणि मग वरचाच जाम निघाला तर गाडी तिथेच अडकते. नट ढिला होताच 'फुस्स' करून कोंडलेली हवा सुटली आणि तिच्यापाठोपाठ पांढरट फेस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यांनी बोट आत घातलं, बाहेर काढलं, उन्हात धरलं. बोटावर दुधाळ ऑइल होतं आणि त्यात लोखंडाचे कण चमकत होते. काजळीसारखा मऊ कीस असता तर ती नेहमीची झीज. हे टोचणारे तुकडे होते.

ते तसेच पडून राहिले. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. डोळे उघडे होते आणि भरले होते. मला त्या क्षणी ओरडल्याबद्दल वाईट वाटलं.

 'मी सांगत होते ना' हे वाक्य सूनबाईंच्या तोंडाशी आलं असेल तर तिनं ते गिळलं. तिनं ओढणीच्या टोकानं त्यांच्या कोपरावरचा फेस पुसला.

मग त्यांनी विचारलं, "कसा होता गं आवाज?"

"बारीक होता बाबा."

"तसं नको. तोंडानं काढून दाखव."

ती संकोचली. मग तिथेच, गाडीखाली, धुळीत आडवी पडून तिनं माझी नक्कल केली. "ईंऽऽऽ."

त्यांनी मान हलवली. "नाही येत. खाली घे."

तिनं सूर उतरवला.

"अजून खाली."

ती उतरत उतरत पार खर्जात आली. घोगरा, जाड, माझ्यासारखा मुळीच नसलेला सूर. पण चढउतार माझेच होते. कुठे वाढायचं, कुठे थरथरायचं, कुठे तुटायचं, हे तिनं इतक्या दिवसांच्या भीतीतून पाठ केलं होतं. कानसेनांचा चेहरा हळूहळू बदलला.

"आलं," ते म्हणाले. "आलं ऐकू. गॅसवर वाढतो?"

"हो."

"सोडल्यावर जातो?"

"कमी होतो, पण जात नाही."

"वळताना?"

"तसाच."

"आणि चढावर जास्त?"

"चढावर फार जास्त."

"पिनियनचं पुढचं बेअरिंग," कानसेन म्हणाले. "चढावर ऑइल मागे जातं आणि तेच उपाशी राहतं. सीलमधून पाणी शिरलंय." मी नट-बोल्टांसकट शहारलो. इतके दिवस जे सांगायला मी तडफडत होतो, ते त्यांनी माझ्याकडून नाही, तिच्या तोंडून ऐकलं आणि एका दमात ओळखलं.

सूनबाईंनी वर फोन केला. तासाभरात मुलगा आणि दवाखान्याची माणसं पायवाटेनं उतरून आली. नळकांडी खांद्यावर घेऊन ती वर नेली, कुणाचं काही अडलं नाही. मुलगा खाली वाकून म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडीत असताना गाडी इथवर आलीच कशी अशी? तुम्हाला कळलं नाही?"

सूनबाई पटकन म्हणाली, "अचानक झालं ते."

"अचानक काही झालेलं नाही," कानसेन म्हणाले. "कधीपासून ओरडत होती. हिला ऐकू आलं, मला नाही. माझे कान गेलेत. हिनं गाडी थांबवली म्हणून आम्ही दोघं आहोत."

मित्रांनो, माझ्या पोटातलं लोखंड कसं घडलं ते मी पाहिलं आहे. पण त्या वाक्याइतकं टणक काही मी पाहिलेलं नाही.

क्रेननं मागची चाकं उचलून मला खाली आणलं. खड्ड्यावर माझं पोट उघडलं, तेव्हा पुढचं बेअरिंग नेमकं तसंच निघालं, ठिपक्याठिपक्यांनी खाल्लेलं. पिनियन आणि क्राउन मात्र वाचले होते. नवं सील, नवं बेअरिंग, नवं ऑइल आलं. वरच्या नटात करंगळी घातली तर टोकाला ऑइल लागलं पाहिजे, तेवढंच भरलं. मग कानसेनांना ती बुजलेली नळी दिसली. त्यांनी सुईनं तिच्यावरचा काळा रंग खरवडला. "हा माझाच ब्रश," एवढंच म्हणाले. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

आता नदीतून गेलेल्या प्रत्येक गाडीचा नट आमच्याकडे उघडतात, आवाज असो वा नसो. सूनबाई ऐकते आणि खर्जात गाऊन दाखवते, कानसेन निदान करतात. गिऱ्हाईक असलं तर त्यालाही आवाज काढायला लावतात. चांगली मिशीवाली माणसं आमच्या दारात उभी राहून घुमत असतात आणि आतून सासूबाईंना हसू आवरत नाही. कानात घालायचं यंत्रही आता आलं आहे. ते कधी घालतात, कधी टेबलावर विसरतात.

माझं वय झालं. दात झिजले, कवचावर ओरखडे आहेत, कधीतरी मी भंगारात जाईन. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारख्याला आवाज येईपर्यंत थांबू नका. मी गप्प असतानाच वरचा नट उघडा आणि एक बोट आत घालून बघा. आणि तुमच्या घरात कुणी हाक मारूनही ओ देत नसेल, तर रागावू नका, आवाजही चढवू नका. कदाचित तुमचा सूर त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल. जवळ जाऊन बसा आणि खालच्या पट्टीत पुन्हा सांगा.